‘अहो, हे आम्ही मागवलंच नव्हतं!’

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत मृत्युपत्र, मधुमेह आणि इमारतीची दुरुस्ती असे भारदस्त विषय होऊन गेले. त्यानंतर सचिवांनी मला विचारलं, ‘काका, तुम्ही आयुष्यभर हॉटेल लाइनमध्ये. तुम्ही काय बोलाल?’ म्हटलं, दुसरं काय बोलणार, हॉटेलाबद्दलच बोलेन. आधी एका खानावळीच्या गल्ल्यावर, मग बिलिंगला, मग कॅप्टन आणि शेवटी मॅनेजर, अशी माझी ३४ वर्षं गेली. एवढ्या वर्षांत मी माणसं जेवताना पाहिली, आणि मनासारखं जेवण आलं नाही की कशी वागतात तेही पाहिलं. आज दुसऱ्या भागाबद्दल बोलायचं आहे.

आपण इथे राहायला आलो तेव्हा हॉटेलात जाणं म्हणजे एक बेत असायचा. वाढदिवस, दहावीचा निकाल, किंवा गावाहून पाहुणे आले तर. आज वॉचमनला विचारा, संध्याकाळी सात ते दहा या वेळात गेटवर किती पार्सलं येतात. बाहेरचं जेवण आता चैन राहिलेली नाही, घरखर्चाचाच भाग झालाय. भाजीवाल्याकडे आपण एकेक टोमॅटो दाबून बघतो. हॉटेलात मात्र सातशे रुपयांची चुकीची ऑर्डर मुकाट्यानं गिळतो, नाही तर टेबलावर हात आपटून अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असा आवाज काढतो. मधला रस्ता आपल्याला कुणी शिकवलेलाच नाही.

गिळणाऱ्यांचं म्हणणं असतं, ‘जाऊ दे ना, उगाच कशाला तमाशा!’ ते गप्प जेवतात, बिल देतात, वेटरनं ‘कसं होतं साहेब’ विचारलं की ‘छान’ म्हणतात, आणि पुन्हा कधी येत नाहीत. वर दहा जणांना सांगतात, तिथे जाऊ नका. मालकाला मात्र कळतच नाही की गिऱ्हाईक का तुटलं. आरडाओरडा करणाऱ्यांचं वेगळं. त्यांना मॅनेजर शांत करतो, एखादं आइस्क्रीम फुकट देतो, आणि पाठ फिरली की आत जाऊन त्याचा राग वेटरवर काढतो. चूक नेमकी कुठे झाली, हे शोधायला दोन्ही वेळी कुणी जात नाही. उद्या तीच चूक दुसऱ्या टेबलावर होते.

म्हणून आधी ऑर्डर कशी चालते ते समजून घेऊ. तुम्ही वेटरला सांगता, तो कागदावर लिहितो किंवा मशीनवर टाकतो. त्यातून केओटी निघते, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी चिठ्ठी. तिच्यावर टेबल नंबर, पदार्थ आणि नग असतात. मोठ्या हॉटेलात तंदूरची भट्टी वेगळी, चायनीजचा गॅस वेगळा, डोशाचा तवा वेगळा. एकाच टेबलाची चिठ्ठी तीन ठिकाणी फुटते. त्यामुळे एकाचा मसाला डोसा पाच मिनिटांत येतो, दुसऱ्याचं मंच्युरियन दहा मिनिटांत आणि आजोबांची रोटी सगळ्यांचं जेवून झाल्यावर. यात वेटरचा आळस नसतो, तीन वेगळ्या रांगा असतात. उपाय सोपा आहे. ऑर्डर देतानाच सांगायचं, ‘सगळं एकदम आणा, आधी काही आणू नका.’ सांगितलं तर कॅप्टन तसं लावून घेतो. सांगितलंच नाही तर जे आधी तयार होईल ते आधी येतं.

आता चुका कुठे होतात? पहिली जागा म्हणजे आपलं टेबल. आठ माणसं बसलेली, पाच जण एकदम बोलतात. ‘दोन पनीर... नाही, एक पनीर आणि एक कोफ्ता... अगं तू काय घेणार? बरं, कोफ्ता कॅन्सल.’ वेटरच्या कागदावर चार खाडाखोडी होतात. वर बसायच्या जागा बदलतात. एसीचा वारा लागतो म्हणून काकू उठून पलीकडच्या टेबलावर जातात आणि पाठोपाठ सगळं कुटुंब. केओटीवर मात्र जुनाच टेबल नंबर असतो. तुमचं जेवण तिथे बसलेल्या दुसऱ्याच मंडळींसमोर जातं, आणि ती मंडळी कधी कधी खातातसुद्धा!

म्हणून माझा पहिला नियम: टेबलावर कितीही माणसं असोत, ऑर्डर एकानंच द्यायची. आणि दिल्यावर म्हणायचं, ‘एकदा वाचून दाखवा.’ ही चार सेकंदं निम्म्या चुका वाचवतात. यात वेटरचा अपमान होत नाही. चांगला वेटर हे स्वतःहून करतो. मुंबईच्या डबेवाल्यांकडे बघा. १८९० पासून चाललेलं काम. डबा एकाच माणसाच्या हातात राहत नाही, वाटेत हात बदलतात. तरी तो बरोबर टेबलावर पोचतो, कारण कुठून निघाला, कुठल्या स्टेशनवर उतरायचा, कुठल्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर जायचा, हे झाकणावर अक्षरं, आकडे आणि रंग यांत लिहिलेलं असतं. डोक्यात ठेवायचं नाही, झाकणावर लिहायचं. हॉटेलच्या केओटीचंही तत्त्व तेच आहे. जे चिठ्ठीवर नाही, ते स्वयंपाकघराच्या दृष्टीनं तुम्ही सांगितलेलंच नाही.

दुसरी जागा म्हणजे आपल्या अपेक्षा. हॉटेलात पंजाबी भाजी तुमच्यासाठी मुळापासून बनत नाही. सकाळीच लाल, पिवळी, पांढरी ग्रेव्ही करून ठेवलेली असते. लाल-पिवळीत कांदा-टोमॅटो, पांढरीत काजू आणि मगज. रात्री नऊ वाजता तुम्ही म्हणता, ‘पनीर माखनवाला द्या, पण काजू नको.’ वेटर मान डोलावतो, पण आत ते शक्यच नसतं. त्यामुळे विचारायचं असं, ‘यात काजू घातलेलेच असतात की तुम्हाला वगळता येतात?’ डोशावर बटर नको, भाजीवर क्रीम नको, कोथिंबीर नको, हे जमतं, कारण ते शेवटी पडतं. ग्रेव्हीतलं काढता येत नाही. ‘तिखट कमी’ हाही असाच फसवा शब्द आहे. कोल्हापूरच्या आचाऱ्याचं ‘कमी’ आणि पुण्याच्या आजीचं ‘कमी’ यांत हिरव्या मिरच्यांचं एक शेत बसेल. त्यापेक्षा सांगावं, ‘लहान मूल खाणार आहे, मिरची घालूच नका.’

आता जरा गंभीर बोलतो. आपल्या सोसायटीतल्या एका कुटुंबानं मला हे सांगायची परवानगी दिली आहे, नाव मात्र घेणार नाही. त्यांच्या साडेचार वर्षांच्या नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. सगळे एका हॉटेलात जेवायला गेले. आजींनी वेटरला सांगितलं, ‘कोशिंबिरीत कूट नको हं.’ वेटर ‘हो’ म्हणाला. चिठ्ठीवर लिहिलं गेलं ‘कोशिंबीर १’. बाकी काही नाही. वाटी आली, पोरानं दोन चमचे खाल्ले. काही मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला त्रास व्हायला लागला. जवळच दवाखाना होता म्हणून निभावलं. तो मुलगा आज ठणठणीत आहे, मघाशी इथेच खुर्च्यांमधून पळत होता.

मी त्या आजींचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. त्यांनी सांगितलं होतं, अगदी वेळेवर आणि स्पष्ट सांगितलं होतं. पण ‘कूट नको’ हे वाक्य वेटर दिवसातून वीस वेळा ऐकतो. आवड म्हणून, उपास म्हणून, पथ्य म्हणून. त्याला त्यातला धोका कळला नाही, आणि हॉटेलनं तो कळेल अशी काही व्यवस्थाही ठेवली नव्हती. जबाबदारी हॉटेलचीच. तरी आपलं माणूस आपल्याला वाचवायचं आहे, म्हणून सांगतो. ॲलर्जी असेल तर ‘नको’ हा शब्द वापरू नका. म्हणा, ‘ॲलर्जी आहे. चुकून गेलं तर दवाखान्यात न्यावं लागेल. चिठ्ठीवर लिहा आणि कॅप्टनला बोलवा.’ पदार्थ आल्यावर पहिला घास मुलाच्या तोंडात जाण्याआधी पुन्हा विचारा. आपल्या मराठी जेवणात दाण्याचं कूट कुठे नसतं? साबुदाण्याची खिचडी, खमंग काकडी, भरली वांगी, काही ठिकाणी आमटीतसुद्धा. कॅप्टननं खात्री दिली नाही तर तो पदार्थ घेऊच नका. सूज किंवा श्वासाचा त्रास दिसला तर मॅनेजरशी वाद घालत बसू नका. आधी दवाखाना, नाही तर १०८ ला फोन. भांडण दुसऱ्या दिवशीही करता येतं.

आता धोका नाही, पण चूक झालेली आहे. मागवली व्हेज कोल्हापुरी, आली व्हेज मराठा. काय करायचं? लगेच सांगायचं, चमचा घालण्याआधी. अर्धी वाटी संपवून ‘हे आमचं नाही’ म्हटलं की तुमचं म्हणणं खरं असलं तरी दुबळं होतं. आवाज खाली ठेवून, वेटरच्या डोळ्यांत बघून तीन गोष्टी सांगायच्या: काय मागवलं, काय आलं आणि आता काय हवंय. ‘दादा, आम्ही कोल्हापुरी सांगितली होती, ही मराठा आहे. बदलून द्या. किती वेळ लागेल?’ एवढंच. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ‘वीस मिनिटं’ म्हणाला तर तुम्ही ठरवू शकता, थांबायचं की ती भाजी बिलातून काढायला सांगायची. तीन वाक्यांत ‘तुम्हाला अक्कल नाही का’ कुठेच येत नाही, हे लक्षात घ्या. वेटरकडून झालं नाही तर कॅप्टन, नाही तर गल्ल्यावरचा माणूस. याच क्रमानं. आणि तक्रार एकानंच करायची. टेबलावरचे सगळे एकदम बोलायला लागले की मॅनेजर तक्रार ऐकायचं सोडून गर्दी आवरायला लागतो.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे करावा. चूक वेगळी आणि नावड वेगळी. मागवलं ते आलं, ताजं आहे, गरम आहे, पण आपल्या वहिनींच्या हातासारखं नाही, ही चूक नव्हे. त्याबद्दल सांगावं जरूर, पैसे परत मागू नयेत. डोसा कच्चा, भात गार, भाजी आंबलेली, ही चूक. केस, किडा, काचेचा तुकडा किंवा शाकाहारी माणसाच्या ताटात मांसाहार, ही तर नुसती चूकही नव्हे, हा कायद्याचा विषय आहे. तेव्हा पदार्थ बदलून घेऊन गप्प बसायचं नाही. फोटो काढा, बिल मागून घ्या, बिलावर तारीख आणि वेळ आहे ना बघा. बिलावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो छापणं बंधनकारक आहे. त्या नंबरासह राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यांचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५. हॉटेलवाला म्हणून सांगतो, अन्न व औषधच्या एका फोनला आम्ही जेवढे घाबरतो तेवढे शंभर आरडाओरड्यांना घाबरत नाही.

आता बिल. आपले लोक गॅसचं बिल दोनदा वाचतात, हॉटेलचं एकदाही नाही. आधी नग मोजा. सात रोट्या खाल्ल्या आणि नऊ लागल्या, हे गर्दीत सहज होतं. मग बघा सर्व्हिस चार्ज. तो सरकारचा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या, की हॉटेलनं तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही घ्यायचा नाही. हॉटेल संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला त्या सूचना वैध ठरवल्या. हिशोब बघा. जेवण १,२०० रुपयांचं. दहा टक्के सर्व्हिस चार्ज १२० रुपये. मग १,३२० वर पाच टक्के जीएसटी ६६ रुपये. एकूण १,३८६. सर्व्हिस चार्ज काढला की १,२०० वर ६० रुपये जीएसटी, एकूण १,२६०. फरक १२६ रुपयांचा, म्हणजे न मागितलेल्या रकमेवर तुम्ही करही भरला. शांतपणे म्हणा, ‘हा काढून द्या.’ बहुतेक ठिकाणी काढतात. ज्याची सेवा आवडली त्याच्या हातात स्वतःहून टिप ठेवा. ती त्याच्याच खिशात जाते.

जीएसटीचंही थोडं. साध्या हॉटेलात पाच टक्के लागतो. पण काही छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही, आणि तसं बिलावर लिहावं लागतं. एकाच बिलावर ‘कंपोझिशन’ लिहिलंय आणि खाली जीएसटीही लावलाय, असं दिसलं तर बोट ठेवून विचारा.

आणि एक गोष्ट जी ऐकून तुम्हाला राग येईल. बाटलीबंद पाण्याचे एमआरपीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून मॅनेजरशी भांडणारे मी रोज पाहिले. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे, की हॉटेलात बसवून पाणी देणं ही नुसती विक्री नाही, त्यात सेवाही आहे, म्हणून एमआरपीचा तो नियम तिथे लागू होत नाही. तेव्हा बाटली उघडण्याआधी मेनूकार्डवर दर बघा, किंवा सरळ साधं पाणी मागा. आपला हक्क नसेल तिथे भांडण्यात वेळ घालवला, की हक्क असेल तिथे कुणी ऐकत नाही.

आता आपल्या गेटवर येऊ. घरी मागवलेल्या जेवणात चूक निघाली तर समोर कोण असतं? हेल्मेट घातलेला एक पोरगा. त्यानं जेवण बनवलेलं नाही, भरलेलं नाही, आणि पिशवी सीलबंद असते म्हणून आत काय आहे ते त्याला दिसतही नाही. त्याच्यावर ओरडणं म्हणजे पत्रातली बातमी वाईट म्हणून पोस्टमनला मारणं. करायचं हे: पिशवी सीलबंद आहे का पाहून घ्या, फाटलेली असेल तर त्याच्यासमोरच फोटो काढा. डबे उघडताना चूक दिसली तर लगेच डब्याचा आणि बिलाचा फोटो काढा आणि ॲपमधल्या मदत विभागात लिहा. काय मागवलं, काय आलं, आणि बदली हवी की पैसे. दोनशे ऐंशीच्या भाजीऐवजी पन्नास रुपयांचं कूपन दाखवतील. ते नको असेल तर ‘पूर्ण पैसे परत हवेत’ असं पुन्हा लिहा. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो.

ज्येष्ठ मंडळींनो, इथे जरा कान द्या. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर असतात. ‘रिफंड पाठवतो, एक ॲप घ्या, ओटीपी सांगा’ म्हणतात आणि भाजीच्या पैशांसाठी खातं रिकामं होतं. पैसे परत घ्यायला ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही. तक्रार फक्त ॲपच्या आतूनच करा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या नंबरावर कळवा, जितक्या लवकर तितकं बरं.

हॉटेल किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. मराठीत बोलता येतं. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. अर्थात गार आलेल्या पावभाजीसाठी आयोगात जा असं मी म्हणणार नाही. पण विषबाधा झाली, किडा निघाला, ॲलर्जी सांगूनही तेच वाढलं, तर जरूर जा. या महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वी बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ मध्ये आला, म्हणजे त्याच्याही बऱ्याच आधी. ग्राहक म्हणजे मुकाट्यानं पैसे देणारा माणूस नव्हे, हे आपल्याकडच्या लोकांनी तेव्हाच सांगून ठेवलंय.

आता माझ्या बाजूच्या माणसांबद्दल बोलतो. मी नोकरीला लागलो तेव्हा एका ठिकाणी कुडाळकडचा एक मुलगा टेबलावर होता. एका कुटुंबानं ऑर्डर तीनदा बदलली, शेवटी जे आलं ते ‘आमचं नाही’ म्हणून उठून गेले. मालकांनी ते सगळं बिल त्या पोराच्या खात्यावर मांडलं. महिनाअखेर त्याच्या पगारातून कापून गेलं. त्या महिन्यात त्यानं घरी मनिऑर्डर केली नाही. त्या कुटुंबाला हे कधीच कळलं नसेल. ती माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. त्यांनी तक्रार केली की तिचं पुढे काय होतं, हे त्यांना माहीत नव्हतं, एवढंच. सगळी हॉटेलं अशी नसतात, मी मॅनेजर होतो तिथे हे चालू दिलं नाही. पण तक्रार करताना एक वाक्य जोडायला काय हरकत आहे? ‘वेटरनं बरोबर लिहून घेतलं होतं, चूक आत झाली आहे.’ किंवा, ‘गर्दी आहे, आम्हाला कळतं, फक्त बदलून द्या.’ नेटवर अभिप्राय लिहितानाही तारीख, पदार्थ, काय झालं आणि हॉटेलनं काय केलं ते लिहा. पोराचं नाव लिहू नका. हॉटेलला सुधारायला तेवढं पुरतं, आणि कुणाची रोजी जात नाही.

हे सगळं मी आज का बोललो, तेही सांगतो. आपल्या येत्या वार्षिक सभेपुढे एक सूचना आहे, की पार्सल आणणाऱ्या मुलांनी लिफ्ट वापरू नये. आपली इमारत सात मजल्यांची. मागवणारे आपण, ‘गरम का नाही आलं’ विचारणारे आपण, आणि चढणारा तो. त्याला महिन्याचा पगार नसतो, पार्सलामागे पैसे मिळतात. आपल्या जिन्यात गेलेली त्याची दहा मिनिटं त्याच्या खिशातून जातात. सुरक्षेचा प्रश्न खरा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण त्याला उपाय आहेत. गेटवर नोंद करा, वॉचमननं इंटरकॉमवर विचारल्याशिवाय वर सोडू नका. ज्यांना नको वाटतं त्यांनी स्वतः खाली येऊन पार्सल घ्यावं. लिफ्ट बंद करणं हा सुरक्षेचा उपाय नाही. चोर जिन्यानंही येतो. सभेत या विषयावर हात वर करताना एवढं मनात ठेवा, एवढीच माझी विनंती.

आणि दोन छोट्या सूचना. गेटजवळ सावलीत एक बाक आणि पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवावा. माठाचा पहिल्या वर्षाचा खर्च मी देतो. आणि नोटीस बोर्डावर चार नंबर कायमचे लावावेत: १०८, १९१५, १९३० आणि अन्न व औषधचा १८००-२२२-३६५. मेंटेनन्सच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी लावले तर सगळ्यांच्या नजरेस पडतील!

पंचवीस वर्षं आपण एका छताखाली राहिलो. पार्किंगवरून भांडलो, गळतीवरून भांडलो, आणि गणपतीत एकत्र जेवलो. भांडण कसं करावं की नंतर पुन्हा एका पंगतीत बसता येईल, हे सोसायटीत राहणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. तीच रीत हॉटेलात आणि गेटवर न्या, असं मी म्हणतो.

आता खाली मंडपात जेवण तयार आहे. मेनू मी स्वतः केटररला लिहून दिला आहे आणि त्याच्याकडून वाचूनही घेतला आहे. मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी आणि मठ्ठा. यातलं काही चुकून दुसरंच आलं, तर माझ्याकडे या. पण पहिला घास घेण्याआधी या!